बाळंतपणातलं ऑपरेशन: थोरल्याला उचलणार कोण?

गाउन, दुपटी, लंगोट, पॅड ही यादी प्रत्येकीच्या आईला पाठ असते, ती मी लिहीत नाही. बाळंतपणानंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, करून घेणार असाल तर आधी माणूस ठरवा. घरी आल्यावर थोरल्याला उचलणार कोण?

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी किमान एक मूल वर्षाच्या वरचं हवं, असा सरकारी नियमच आहे. म्हणजे बाळंतपणानंतर लगेच ऑपरेशन करून घेणाऱ्या बहुतेकींच्या घरी एक थोरलं असतंच, आणि ते बऱ्याचदा कडेवर बसायच्या वयाचं. मी बाकी सगळं केलं आणि हेच विसरले. ‘आजी आहे ना’ असं धरून चालले. आजी थोरल्याकडे बघत होती, पण गुडघ्यांमुळे उचलू शकत नव्हती. बघणं वेगळं, उचलणं वेगळं. त्याने दारातच हात वर केले, मी उचललं, आणि मग जखमेतून पाणी यायला लागलं म्हणून ड्रेसिंगच्या खेपा.

तेव्हा नाव ठरवा. ‘कोणीतरी बघेल’ हे नाव नव्हे. अंघोळ घालणारं, शीला बसवणारं, झोपेतून उचलून दुसऱ्या खोलीत नेणारं माणूस हवं. नवरा असेल तर त्याने रजा दवाखान्यातल्या दिवसांत उडवू नये. तिथे नर्स असतात. रजा घरी आल्यानंतरची ठेवा. आणि आठव्या महिन्यापासूनच पोराला त्या माणसाच्या हातची अंघोळ लावा, नाहीतर ऐनवेळी ‘आईच पाहिजे’ म्हणून घर डोक्यावर घेतो. आई बसलेली असताना पोटाशी उशी घेऊन त्याला शेजारी चढून बसू द्यायचं, हेही आधीच शिकवून ठेवा.

आता ऑपरेशनचं. निर्णय नववा महिना लागायच्या आत शांतपणे घ्या, कळा सुरू झाल्यावर नाही. संमतीपत्रावर सही बाईची. नवऱ्याची सही सरकारी नियमांत सक्तीची नाही, कोणी अडवलं तर हे सांगा. (नवऱ्याची नसबंदी याहून कितीतरी सोपी असते. तो विषय काढला की घरात सगळ्यांना अचानक कामं आठवतात.) सिझर होणार असेल तर त्यातच उरकतं. साध्या बाळंतपणात सात दिवसांच्या आत, नाहीतर मग सहा आठवडे थांबायचं. बाळंतपणात दुर्बिणीचं करत नाहीत, टाक्याचं करतात. त्यामुळे दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसने खांदा दुखल्याची जी गोष्ट जाऊबाई सांगतील, ती तुमची नव्हे.

बाळंतपणानंतर गर्भपिशवी अजून वर असते, म्हणून छेद बेंबीच्या लगेच खाली घेतात. छोटाच असतो, पण जागा वाईट. परकराची नाडी, सलवारची नाडी, लेगिंगचं इलॅस्टिक, सगळं बरोबर तिथेच येऊन घासतं. नाडीची गाठ तर थेट टाक्यावर बसते. घरी जाताना ‘चार लोक बघतील’ म्हणून साडी नेसवतात, नेसू नका. पुढून बटणं असलेले सैल गाउन पुरेसे घ्या, धुवायला टाकलेले धरून.

ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायचं असतं, किती तास ते विचारा. आत जाण्याआधी बाळाला पाजून घ्या आणि बाहेर बाळ घेऊन बसायला एकीला ठेवा. ही एक वेगळी आणि थोरल्याची एक वेगळी. एकाच मावशीवर दोन्ही टाकू नका. थोरला रडला की ती बाळ कुणाच्या तरी हातात देऊन पळणार.

घरी आल्यावर शेक-शेगडी, धुरी हौसेनं घ्या, पण पोटावर निखाऱ्याचा शेक नको. मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी जखम दाखवा: हात, पाय, पाठ चालेल, पोट नाही. त्या ‘काही होत नाही गं’ म्हणतील. होतं. पोट घट्ट बांधायचं की नाही ते सासूबाईंना नाही, डॉक्टरांना विचारा. जखम कोरडी ठेवा. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही.

डिंकाचे लाडू खा, पण त्यांच्या जोडीला लोहाच्या गोळ्या आल्या की शौचाला खडा होतो आणि कुंथताना टाके ओढतात. पाणी भरपूर, पालेभाजी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबायची. पाजताना बाळ पोटावर आडवं न घेता काखेखाली धरा किंवा कुशीवर झोपून पाजा. ऑपरेशनने दूध आटत नाही, कोणी काहीही सांगो.

रात्रीचंही ठरवा. थोरला आईजवळ झोपणारा असेल तर झोपेत त्याची लाथ नेमकी बेंबीखाली बसते. तो भिंतीकडे, मध्ये बाबा, मग तुम्ही. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही: कळशी नाही, गॅसची टाकी नाही, आणि पुन्हा सांगते, पोरगं नाही. ‘एकदाच घेते, रडतंय बिचारं’ असंही नाही. हा नियम डॉक्टर सांगतील तितके दिवस. सिझर असेल तर आणखी लांबतो.

ताप, पू, जखमेभोवती लाली, वाढत जाणारं दुखणं, चक्कर, पॅड भराभर भिजणं: यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. अंगावरून जाणारं बाळंतपणाचं असतं, ऑपरेशनचं नव्हे. ते हळूहळू कमी व्हायला हवं.

सातव्या दिवशी टाके काढायला. त्या दिवशीही सोबत दोन माणसं.

महिन्याने तपासणी, आणि तेव्हाच नसबंदीचं प्रमाणपत्र मागून घ्या. सरकारी दवाखान्यात अनुदानासाठी आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. पुढे कधी पाळी चुकली तर ‘ऑपरेशन झालंय’ म्हणून बसू नका, लगेच तपासा, कारण क्वचित दिवस राहिलेच तर गर्भ नळीत राहण्याचा धोका असतो. ऑपरेशन फसल्याची भरपाई सरकारी योजनेतून मागायची तर कळल्यापासून 90 दिवसांत दावा करावा लागतो. कागद सगळे एका फाइलीत, पोरांच्या हाताला न लागणाऱ्या कपाटात.