काळा घोडा फिरायचंय? मग गॅलरीच्या आत शिरायला लाजू नका

शनिवारी संध्याकाळी दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागात, जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर जरा वेळ उभं राहून बघा, कितीतरी लोक पायऱ्यांवर फोटो काढतात, गप्पा मारतात आणि आत न जाताच पुढे सरकतात. विचारलं की म्हणतात, आपल्याला चित्रातलं काय कळतंय, आणि तिकीट किती असेल कोणास ठाऊक. तर आधी हे सांगते की जहांगीरला तिकीट नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली, सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते आणि चित्रातलं कळतं का असं दारावर कोणीही विचारत नाही. त्यामुळे सरळ आत जा.

आत गेल्यावर सगळंच बघायच्या भानगडीत पडायचं नाही. आधी एक चक्कर भरभर मारा, मग ज्या एक-दोन चित्रांपाशी पाय आपोआप थांबले होते तिथं परत जा आणि निवांत उभं राहा, आधी लांबून बघा मग इतकं जवळ जा की कुठं रंग सुरीनं थापलाय, कुठं पातळ करून ओघळू दिलाय, कुठं नुसता कॅनव्हास उघडा सोडलाय ते दिसायला लागेल (हात मात्र लावायचा नाही). नाव, किंमत लिहिलेली चिठ्ठी सगळ्यात शेवटी वाचा, नाहीतर मग आपण चित्र न बघता चिठ्ठीच बघत राहतो. आणि कोपऱ्यात टेबल टाकून, अभिप्रायाची वही पुढ्यात घेऊन बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः चित्रकारच असते. त्यांच्याशी बोला! इथली तारीख मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि प्रदर्शन असतं साधारण आठवडाभर, त्यात कोणी येऊन हे कशानं केलंय, सुरुवात कुठून केली असं विचारलं की माणूस मनापासून सांगतो. मराठीत विचारा, बिनधास्त. फक्त घ्यायचं नसेल तर उगाच भाव पाडून बघू नका.

बाहेर फुटपाथवरही चित्रकार चित्रं मांडून बसतात, समोर बसवून स्केच काढून देतात. पैसे बसायच्या आधीच विचारून घ्या.

शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, हे मात्र तिकीट काढून बघायचं प्रकरण आहे आणि त्याला अर्धा दिवस द्या. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदानं डिझाइन केलेली ही इमारत १९१४ लाच बांधून झाली होती, पण पहिल्या महायुद्धात ती लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरली गेली आणि म्युझियम म्हणून लोकांसाठी उघडली १९२२ मध्ये. घुमट बघून विजापूरचा गोल घुमट आठवला तर बरोबरच आहे, तिथूनच ती कल्पना आलीय. आत मधल्या दालनात आलात की लगेच पुतळ्यांकडे पळू नका, मान वर करा, तिथला लाकडी सज्जा आणि कठडे अठराव्या शतकातल्या मराठी वाड्याचे आहेत. कोरीवकाम बघत तिथंच वेळ गेला तर जाऊ दे. मग लघुचित्रांचं दालन. मुलं बरोबर असतील तर आधी प्राणी-पक्ष्यांचा विभाग उरकून घ्या म्हणजे नंतर ती तुम्हाला ओढणार नाहीत.

समोरच आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, एनजीएमए, १९९६ पासून जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. सोमवारी बंद असतं, त्यामुळे पहिल्यांदाच येणार असाल तर सोमवार टाळा.

आता यायचं कसं. मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्टेशन जवळ आहे, पण वेळ असेल तर मी म्हणेन चर्चगेटला उतरा आणि ओव्हल मैदानातून चालत या. एका बाजूला आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या शैलीच्या, गोलसर बाल्कन्यांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, आणि मध्ये एकाच वेळी चाललेल्या क्रिकेटच्या इतक्या मॅचेस की कुठला बॉल कोणाचा ते त्यांनाच माहीत. या दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, पण आपण रोज ऑफिसला जाताना फोनमध्ये बघत त्यांच्यामधून चालत जातो.

पोचल्यावर मुलं विचारणारच की घोडा कुठाय. मूळचा पुतळा होता प्रिन्स ऑफ वेल्स असतानाच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला, तो १९६५ मध्ये हलवला आणि आता भायखळ्याला राणीबागेत आहे. सध्या चौकात दिसतो तो स्वार नसलेला घोडा, २०१७ चा. मला हा जास्त आवडतो, पाठीवर कोणी नाही तेच बरं.

तिथून गल्ल्यांत शिरा. केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं आहे, २०१९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा झळाळलंय, रंगीत काचांसाठी तरी आत जायलाच हवं. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि शनिवार हा ज्यूंचा प्रार्थनेचा दिवस, तेव्हा त्या दिवशी बघे म्हणून जाऊ नका. डेव्हिड ससून लायब्ररीची पिवळ्या दगडाची इमारत निदान रस्त्यापलीकडून तरी नीट बघा. आणि लोखंडी सांगाड्याचं जुनं वॉटसन हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, तेही बघा. ७ जुलै १८९६ ला सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या याच इमारतीत. ती आता फार वाईट अवस्थेत आहे, बघून जीव तुटतो, तरी बघा.

खायचं म्हणाल तर इथल्या कॅफेंमध्ये वीकेंडला दुपारी जागा मिळणं कठीण, म्हणून एक तर बाराच्या आत जेवून घ्या किंवा तीननंतर. खिशाला झेपेल असं हवं असेल तर फोर्टच्या बाजूला दहा मिनिटं चाला, ऑफिसवाल्यांच्या खानावळी आणि इराणी हॉटेलं आहेतच.

आणि काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल. १९९९ पासून चालू आहे, नऊ दिवसांचा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सुमारास, प्रवेश फुकट. पण वीकेंडच्या संध्याकाळी रॅम्पार्ट रो या इथल्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, मोठी शिल्पं माणसांच्या डोक्यांवरूनच बघावी लागतात. रजा मिळत असेल तर मधल्या वारी दुपारी या, आणि नाच-गाण्याच्या मोठ्या स्टेजपेक्षा छोट्या वर्कशॉप्स आणि हेरिटेज वॉककडे लक्ष ठेवा. त्यांची नावनोंदणी पटकन भरते, म्हणून वेळापत्रक आलं की त्याच दिवशी नाव घालून टाका.