भाषणाचे मध्यवर्ती वाक्य आधी ठरवावे
भाषण लिहायला बसण्यापूर्वी श्रोत्याच्या मनात कोणते एक वाक्य उरावे हे ठरवावे आणि ते सुरुवातीला, मध्ये व शेवटी जवळपास त्याच शब्दांत उच्चारावे. ऐकणाऱ्याला वाचकाप्रमाणे मागचे पान उलटता येत नाही, म्हणून लेखात खटकणारी पुनरुक्ती भाषणात (अर्थात बेताने केल्यास) उपयोगी पडते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘माझे एक स्वप्न आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले आणि त्या भाषणातले इतर मुद्दे विसरलेल्यांनाही तेवढे शब्द आठवतात. असे वाक्य उच्चारण्याआधी दोन-तीन सेकंद थांबावे. स्लाइडवर मात्र ते आधीच दाखवू नये, कारण श्रोते वाचू लागले की त्यांचे ऐकणे सुटते.