रोड बाइकची चाकं: हातानं बांधलेली की कारखान्यातली? निवडताना या चुका टाळा

साताऱ्यात रोड बाइक वाढल्या तशा चाकांच्या चौकशाही वाढल्या. पहिला प्रश्न ठरलेला: "यात हलकं कुठलं?" मी उलट विचारतो, "याचा स्पोक तुटला तर मिळेल कुठे आणि बसवणार कोण?" यावर बहुतेक जण गप्प होतात.

स्पोकची चौकशी न करता चाक घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माझ्या एका मित्रानं कारखान्यात बनलेली देखणी चाकं घेतली. मागच्या चाकात फक्त 20 स्पोक, तेही चपटे आणि सरळ डोक्याचे. कासहून उतरताना यवतेश्वरच्या अलीकडे एक स्पोक तुटला. 32 स्पोकांच्या चाकात एक गेला तर थोडा आउट येतो, म्हणजे चाक जरा डुलतं, ब्रेक सैल केला की माणूस घरी पोचतो. 20 स्पोकांत प्रत्येकावरचा भार मोठा असतो, त्यामुळे एक तुटताच रिम बाजूला ओढली जाते. त्याचं चाक फ्रेमला घासायला लागलं. शेवटी सायकल टेम्पोत टाकून साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर आणली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. साताऱ्यात वाकड्या डोक्याचे साधे स्पोक होते, पण त्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ते बसत नाहीत. पुण्यातही त्या मापाचा मिळाला नाही, मागवावा लागला. एका तारेसाठी पाच आठवडे सायकल भिंतीला टेकून. सप्टेंबर होता, कासला फुलं होती, आणि हा घरी.

म्हणजे कारखान्यातली चाकं वाईट असं नाही. कमी पैशांत तीच परवडतात, कारण कारखाना रिम, हब, स्पोक घाऊक घेतो आणि आपण एकेक नग घेतो. तुमचं वजन 70 किलोच्या आत असेल आणि पहिलीच रोड बाइक असेल तर कारखान्यातलीच घ्या, पण 28 स्पोकांची, वाकड्या डोक्याच्या साध्या स्पोकांची. वजन 85 च्या पुढे असेल किंवा दर रविवारी घाट असेल, तर मागचं चाक 32 स्पोकांचं, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना ओलांडून जाणारा), पितळी निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट) घालून हातानं बांधून घ्या. रिम झिजली की हब तोच ठेवून नवी रिम घालता येते. आपल्या पावसात रिम ब्रेकवाल्यांना (ज्यांचा ब्रेक रिमलाच घासतो) ही वेळ येतेच, कारण लाल चिखल ब्रेकपॅडमध्ये अडकून ॲल्युमिनियम खरवडत राहतो.

"सरळ फिरतंय ना, मग झालं"

मी बांधलेलं पहिलं चाक स्टँडवर इतकं सरळ फिरत होतं की मी सगळ्यांना दाखवलं. यवतेश्वरचा चढ लागताच त्यातून टिंग-टिंग आवाज यायला लागले. निपल फिरवताना स्पोक स्वतःही पिळला जातो, आणि भार पडला की तो पीळ सुटतो. कासपर्यंत चाक डुलायला लागलं होतं.

चाक सरळ असणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पोक फार घट्ट आणि शेजारचा ढिला असला तरी रिम सरळ दिसते. पण चाकाच्या प्रत्येक फेरीत खालच्या स्पोकचा ताण कमी होतो आणि वर जाताना परत येतो. सातारा ते कास साधारण 25 किलोमीटर, म्हणजे जवळपास बारा हजार फेऱ्या. ढिल्या स्पोकचा ताण प्रत्येक फेरीत शून्यावर येतो, निपल सुटत जातं आणि स्पोक डोक्याजवळ तुटतो. मागच्या चाकात उजव्या बाजूला, म्हणजे कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूला, 110-120 किलोचा ताण असेल तर डाव्या बाजूला जेमतेम निम्मा असतो. म्हणून डावीकडचे स्पोक आधी सैल पडतात.

आता मी निपल हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे आणतो. मग हातमोजे घालून समांतर स्पोकांच्या जोड्या जोरात दाबतो आणि पुन्हा आउट काढतो. एका बाजूचे स्पोक नखानं छेडून ऐकतो. तंबोऱ्याची तार लावताना कान जसा धरतात तसा. स्वर वेगळा आला की तिथं ताण चुकलेला असतो. स्पोकचा ताण मोजणारा टेन्शन मीटर असेल तर उत्तमच. चाक रात्रभर तसंच ठेवतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत तपासतो. कारखान्यातून आलेल्या नव्या चाकांनाही हाच नियम लावा. "अर्ध्या तासात बांधून देतो" म्हणणाऱ्याकडे चाक देऊ नका, आणि संध्याकाळी चाक आणून सकाळीच घाटात जायची घाई तुम्हीही करू नका.

वजनाचं वेड सोडा. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर चाकांत 300 ग्रॅम वाचवून अर्ध्या तासाच्या चढात सहा-सात सेकंद मिळतात.

रिम ब्रेकची कार्बन रिम पसरणी घाटासारख्या लांब उतारासाठी घेऊ नका, सतत ब्रेक दाबला की रिम तापते आणि आतला राळेचा थर मऊ पडतो.

जुन्या 10 स्पीडच्या (मागे दहा चकत्यांच्या) हबवर 11 स्पीडची रोड कॅसेट बसेलच असं समजू नका.

आणि चाकं घेतानाच जादा स्पोक मागून घ्या. पुढचा, मागचा उजवा आणि मागचा डावा यांची लांबी बहुधा वेगळी असते, म्हणून प्रत्येकी दोन. मी ते सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या पोकळ नळीत) कागदात गुंडाळून ठेवतो, आणि लांबी मिलिमीटरमध्ये त्याच कागदावर लिहितो. मित्राच्या सीटपोस्टमध्येही आता तसेच सहा स्पोक आहेत.