सॅमनची पिल्लं समुद्रात सोडताय? या चुका टाळा

समुद्रातल्या पिंजऱ्यात सोडलेली सॅमनची पिल्लं पहिल्या पंधरवड्यातच मरायला लागली, की संशय आधी रोगावर जातो. तपासणीत जंतू सापडत नाही, खाद्य ठीक, पाणीही ठीक. अशा वेळी हॅचरीची, म्हणजे पिल्लं वाढवणाऱ्या केंद्राची वही उघडावी. नॉर्वेत अटलांटिक सॅमन गोड्या पाण्यात वाढवून मग फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत सोडतात. तिथला घोळ बरेचदा सोडण्याआधीच झालेला असतो.

चंदेरी दिसलं म्हणजे तयार झालं, हा सगळ्यात चिवट गैरसमज. नदीतल्या पिल्लाच्या कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तसे गडद पट्टे असतात. समुद्राची वेळ जवळ आली की खवल्यांत ग्वानिन हा चकाकणारा पदार्थ साचतो, पट्टे झाकले जातात, परांच्या कडा काळवंडतात, अंग सडपातळ होतं. पण मीठ सोसायची ताकद कातडीत नाही, कल्ल्यांत असते. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. समुद्रात सगळं उलटं. तिथलं पाणी रक्ताच्या सुमारे तिप्पट खारट, त्यामुळे अंगातलं पाणी निसटत राहतं. मग समुद्र प्यायचा आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या क्षारपेशींनी बाहेर टाकायचं. या पेशींतल्या, क्षार इकडून तिकडे ढकलणाऱ्या सोडियम-पोटॅशियम पंपाचा गोड्या पाण्याचा प्रकार मागे पडतो आणि खाऱ्या पाण्याचा पुढे येतो. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल हा बदल घडवतात, गोड्या पाण्यातलं संप्रेरक प्रोलॅक्टिन उतरतं. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. चकाकणारं पण कच्चं पिल्लू समुद्रात अंगातलं पाणी आटून मरतं.

तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, चाचणी करा. काही पिल्लं २४ तास हजारी ३४ भाग क्षारतेच्या पाण्यात ठेवायची आणि रक्तातलं क्लोराइड मोजायचं. ते लिटरमागे साधारण १५० मिलिमोलच्या खाली राहिलं, तर कल्ले कामाला लागलेत. नुसतं ‘सगळी जगली’ असं लिहून मोकळं होऊ नका. एक दिवस कच्चं पिल्लूही काढतं. आणि नमुन्यात हाताला लागलेली ढब्बी पिल्लं तेवढी नकोत, टाकीतली बारकीही घ्या.

दुसरी चूक उजेडाची. पिल्लाचं शरीर ऋतू ओळखतं ते दिवसाच्या लांबीवरून. सतत उजेडात वाढवलेल्या पिल्लांना सुमारे सहा आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार देतात आणि मग पुन्हा २४ तास उजेड. हिवाळा सरल्याशिवाय वसंत येत नाही, एवढंच त्यांना पटवायचं असतं. बिघाड मात्र अगदी क्षुल्लक गोष्टीने होतो: रात्रपाळीचा विसरलेला दिवा, दाराची फट, टाकीवरचं फाटकं झाकण. त्यातून आकाराने मागे राहिलेली पिल्लं हा इशारा घेतच नाहीत. प्रतवारी आधी, अंधार नंतर.

पूर्ण उजेड सुरू झाला की रोजच्या पाण्याचं तापमान बेरजेला लावा. बेरीज ३५० ते ४०० अंशांच्या आसपास गेली की पिल्लं तयारीत येतात. १० अंशांच्या पाण्यात हे पाच-सहा आठवडे. ही तयारी टिकाऊ नाही. गोड्या पाण्यात अडकून पडली, तर पिल्लं पुन्हा नदीची होऊन बसतात, आणि कोमट पाण्यात तर लवकरच. वाहतुकीची नौका लांबली, तर निदान टाकीचं पाणी तापवू नका. धरणामुळे नदीत खोळंबलेल्या रानटी पिल्लांचंही हेच होतं.

आम्ल पाण्यातलं ॲल्युमिनियम हा छुपा शत्रू. ते कल्ल्यांवर बसतं. मासा नदीत धडधाकट दिसतो आणि खाऱ्या पाण्यात कोलमडतो. आम्ल पावसाने दक्षिण नॉर्वेतल्या कित्येक नद्यांचे सॅमन संपले. मांडालसेल्वा नदीत १९९७ पासून चुना टाकायला लागले, तेव्हा कुठे तिथे सॅमन परतले.

या वयात खवले सैल असतात. जाळीने उपसून खवले उडाले, की त्या जागेतून पाणी-क्षारांची गळती सुरू झालीच. समुद्र सात-आठ अंशांखाली असेल, तर अशा ओरखड्यांत ‘मोरिटेला विस्कोसा’ हा जिवाणू शिरून जखमा चिघळवतो. शक्यतो पंपाने, पाण्यासकटच हलवा.

सोडल्यावर काही आठवड्यांनी पृष्ठभागाशी एकटी रेंगाळणारी, मोठ्या डोक्याची हडकुळी पिल्लं दिसली, तर ती सुधारतील म्हणून खाद्य वाढवत बसू नका. ती क्वचितच वाढीला लागतात आणि माशांच्या अंगावरच्या समुद्री उवांना आणि रोगांना आधी बळी पडतात. ती काढून घ्या, मोजा, आणि ती कुठल्या टाकीतली ते शोधा.