पार्किन्सनमध्ये दिवसा येणारी झोप: या चुका टाळा

‘बाबा दिवसभर पेंगत असतात’ एवढंच सांगितलं, तर न्यूरॉलॉजिस्टच्या (मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या) हाती फारसं काही लागत नाही. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, दिवसा झोप येण्याची कारणं बरीच आहेत: खुद्द आजार, त्यावरची औषधं, मोडलेली रात्र, घोरताना अडणारा श्वास, जेवणानंतर उतरणारा रक्तदाब, उदासी. एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात अपाय करू शकतो. म्हणून झोप कधी आणि कशानंतर येते, हे घरच्यांनी लिहून ठेवायला हवं. ते काम दुसरं कुणी करू शकत नाही.

सगळ्यात जास्त गफलत होते ती थकवा आणि झोप यांत. थकलेला माणूस आडवा होतो, पण डोळा लागतोच असं नाही. झोप अनावर झालेला माणूस समोर बसून बोलताना, हातात घास असताना पेंगतो. रोज दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागला की नुसते पडून होते, हे आठवडाभर वहीत लिहा.

दुसरी गफलत प्रश्नावली भरताना होते. झोपाळूपणा मोजायला इपवर्थ स्केल नावाची प्रश्नावली वापरतात. मेलबर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये मांडली. त्यात आठ प्रसंग आहेत: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलेलं असताना, गाडीतून सलग तासभर प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि गाडी रहदारीत काही मिनिटं थांबलेली असताना. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता 0 ते 3 मध्ये द्यायची. बेरीज 24 पैकी 10 च्या वर गेली, तर कारण शोधावं लागतं. ‘मी हल्ली गाडीत बसतोच कुठे?’ म्हणून आजोबा तो रकाना कोरा सोडतात आणि बेरीज निकामी होते. हल्ली गाडीत बसला नसाल तरी बसलात तर काय होईल, याचा अंदाज करून आकडा लिहायचा असतो.

शिवाय पार्किन्सनच्या अनेक रुग्णांना आपल्याला डुलकी लागली होती हे कळतच नाही. दोन कागद घ्या. एक त्यांनी भरावा, एक सोबत राहणाऱ्याने, आपसांत न बोलता. आकडे वेगळे आले तर वाद घालू नका, सरासरीही काढू नका. दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा, कारण तो फरक हीसुद्धा माहितीच आहे.

इपवर्थचा आकडा कमी आला म्हणजे रात्रीची झोप चांगली, हा निष्कर्ष चुकीचा. रात्रीसाठी 1989 पासून पिट्सबर्गची वेगळी प्रश्नावली आहे. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते, गुण 21 पैकी असतात आणि 5 च्या वर गेले तर झोप खराब समजतात. संशोधनात हे दोन आकडे एकमेकांशी फार कमी जुळतात. रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला दिवसा डुलकी न लागणं आणि आठ तास झोपलेल्याने दुपारी पेंगणं, दोन्ही शक्य आहे.

आता जेवणानंतरची झोप. आपल्याकडे वामकुक्षी इतकी अंगवळणी पडलेली आहे की इथे कुणाला शंकाच येत नाही. पण पार्किन्सनमध्ये रक्तदाब सांभाळणारे मज्जातंतूही बिघडतात. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं, दाब उतरतो आणि माणूस खुर्चीत मान टाकतो. दिसायला ती झोपच दिसते. घरच्या बीपी मशिनने जेवणाआधी बसवून दाब घ्या, मग जेवण झाल्यापासून 30, 60 आणि 90 मिनिटांनी, त्याच हाताचा, बसलेलं असतानाच. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा भात-पोळीचं मोठं जेवण तोडून थोडं थोडं, जास्त वेळा खाल्ल्याने फरक पडतो. अशा वेळी झोप उडवायची गोळी मागत बसणं चूक.

औषधांची वेळ लिहायची राहून जाते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या पार्किन्सनवरच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना कसलीही चाहूल न लागता झोप येते. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असे आठ रुग्ण नोंदवले, जे गाडी चालवताना झोपले होते. डोस किती वाजता आणि डुलकी किती वाजता, असे दोन रकाने दोन आठवडे भरा. डोसामागून ठरावीक वेळाने झोप येत असेल, तर मात्रा बदलता येते. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवल्यास घबराट, घाम, नैराश्य, अंगदुखी असा त्रास होऊ शकतो. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, खाज थांबवणारी गोळी यांचीही नावं लिहा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या गुंगी आणतात.

रात्रीचं वर्णन तोंडी करण्यापेक्षा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. घोरता घोरता आवाज बंद होऊन मग धाप लागल्यासारखा श्वास येणं वेगळं, आणि स्वप्नात ओरडणं, हातपाय झाडणं वेगळं. हा दुसरा विकार 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात प्रथम नीट मांडला गेला. कित्येकांत तो पार्किन्सनचा कंप सुरू होण्याच्या बरीच वर्षं आधी दिसतो. पलंगाजवळची काच, तांब्या, टोकदार स्टूल हलवा आणि खाली गादी अंथरा. यावर सहसा क्लोनाझेपाम ही झोप आणणारी गोळी देतात, पण झोपेत श्वास अडत असेल तर हीच गोळी धोक्याची ठरते. शेजाऱ्यांना लागू पडलेली झोपेची गोळी म्हणूनच आणू नये.

दुपारी झोपूच न देणं हाही उपाय नाही. तीनच्या आत, गजर लावून वीस-तीस मिनिटं झोपू द्या.

चालू गप्पांत किंवा जेवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत स्कूटर आणि मोटारीची किल्ली घरच्यांनी आपल्याकडे ठेवावी. गॅसजवळही त्यांना एकटं उभं राहू देऊ नये.