माडीच्या लाकडी जमिनीवर लॅमिनेट बसवण्याआधी

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. फळ्या मध्ये दबलेल्या असतात, पाय पडला की करकरतात, आणि वर पोरं धावायला लागली की खाली बोलणं बंद करावं लागतं. त्यावर थेट लॅमिनेट, म्हणजे एकमेकांत अडकवायच्या तयार पातळ फळ्यांची जमीन, अंथरलं तर दबलेल्या जागी त्याचे सांधे उचकटतात.

गवंडी म्हणेल, 'दीड इंच कोबा टाकू, एका दिवसात लेव्हल.' टाकू देऊ नका. १२ बाय १२ फुटांच्या खोलीत दीड इंच सिमेंटचा थर साधारण टनभर भरतो, आणि ते ओझं तुळयांवर कायमचं राहतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरच्या जड माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छपरांनी, काय केलं, हे इकडं कुणाला सांगायला नको. त्याच खोलीला १२ मिलिमीटर प्लाय घातला तर वजन शंभरेक किलोंनीच वाढतं.

पहिलं काम तपासणीचं. पेचकस फळीत आणि तुळईत टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, म्हणून ते नीट बघा. तुळईच वाकली असेल तर लॅमिनेट राहू द्या, आधी इंजिनिअरला दाखवा.

मग करकर घालवायची. जुने खिळे सैल झाल्यानं फळी त्यांच्यावर खालीवर घासते. तुळईची रेघ आखून फळ्या स्क्रूने आवळा. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा. जुनं सागवान भोकाशिवाय चिरतं.

आता लेव्हल. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी जमिनीवर उभी-आडवी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुताराच्या हिशेबात एका सुतापेक्षा, जास्त फट दिसली तिथं खडूने खूण करा. सगळी खोली एका अंगाला थोडी उतरती असेल तर लॅमिनेटला चालतं, खड्डा चालत नाही. उंचवटे रंध्याने काढा, पण त्याआधी खिळ्यांची डोकी खोल ठोका, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. खोलगट भागात पातळ प्लायच्या पट्ट्या कडेकडे निमुळत्या करून चिकटवा आणि स्क्रू मारा. पुठ्ठा किंवा थर्माकोल भरू नका, महिन्याभरात दबतो.

आवाज दोन तऱ्हेचे. बोलणं फटींतून जातं, पावलांचा धक्का लाकडातून. म्हणून फळ्यांमधल्या आणि भिंतीलगतच्या फटी आधी अॅक्रिलिक सीलंटने बुजवा. काही वाड्यांत फळ्यांवर मातीचा थर असतो. तो उकरून काढला की आवाज उलट वाढतो, कारण वजनदार थरच बोलणं अडवतो.

धक्क्यासाठी फळ्यांवर रबर किंवा कॉर्कची पातळ चादर अंथरा आणि त्यावर प्लाय ठेवा. प्लायचे तक्ते विटांसारखे सांधे हुकवून मांडा, तक्त्यांमध्ये २-३ मिलिमीटर जागा सोडा. इथं एक गोष्ट हमखास चुकते: सुतार सवयीने प्लायमधून थेट तुळईपर्यंत स्क्रू मारतो आणि धक्का त्याच स्क्रूवाटे खाली उतरतो. प्लायचे दोन पातळ थर घ्या, ते एकमेकांनाच चिकटवा आणि स्क्रू करा, खालच्या फळ्यांना नाही. प्लाय भिंतीलाही टेकवू नका. मधल्या फटीत फोमची पट्टी घाला.

खालचं छत उघडं ठेवायचं नसेल तर तुळयांमध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरून जिप्सम बोर्ड लावता येतो. पण कोरीव तुळया असतील तर मी तरी झाकणार नाही.

हे काम दिवाळी ते होळी या काळात काढा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात इतकं आकसतं की बुजवलेल्या फटी पुन्हा उघडतात. लॅमिनेटच्या पेट्या ४८ तास त्याच खोलीत आडव्या ठेवा. प्लायवर, लॅमिनेटच्या खाली २-३ मिलिमीटरचं अंडरले (पातळ मऊ अस्तर) पुरे. जाड गादी घातली तर सांधे हलतात. भिंतीपासून ८-१० मिलिमीटर जागा सोडा आणि स्कर्टिंग भिंतीलाच ठोका, जमिनीला नाही.