स्मृतिभ्रंश झालेल्या आईला घरी सांभाळताना

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शियाच्या) प्रकारात मेंदूचा नव्या आठवणी नोंदवणारा भाग बहुधा सगळ्यात आधी बिघडतो. म्हणून आईला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण माहेरच्या विहिरीचं, शाळेतल्या बाईंचं सगळं तोंडपाठ असतं. घरच्यांना वाटतं, ती मुद्दाम करते. खरं तर गोष्ट नोंदलीच गेलेली नसते, "आत्ताच सांगितलं ना!" असं दहा वेळा म्हटलं तरी ती सापडणार नाही. पुढचं सगळं यावरच उभं आहे: आईची आठवण तपासत बसू नका, आठवणीवाचून चालेल असा दिवस आणि असं घर लावा.

आधी निदान

"वय झालं की विसरतंच माणूस" म्हणता म्हणता वर्षं वाया जातात. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. रोजचा रस्ता चुकणं, आयुष्यभर केलेल्या आमटीची कृती मध्येच न सुचणं, शंभरची नोट आणि पाचशेची नोट यांत गोंधळ होणं, हे डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कोणीही चालेल. जाताना एका कागदावर लिहून न्या: काय बदललं, केव्हापासून, हळूहळू की एकदम. तो कागद आधीच डॉक्टरांच्या हाती द्या. आईसमोर तिच्या चुकांचा पाढा वाचू नका, तिला तो अपमान नक्की कळतो. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेली सर्दी-खोकल्याचीसुद्धा. झोप आणणारी जुनी सर्दीची औषधं, झोपेच्या गोळ्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्या म्हातारपणी गोंधळ वाढवतात.

रक्ताच्या तपासणीत बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर हे सगळं हवं; सोबत डोक्याचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं फार सामान्य आहे आणि ते भरून काढता येतं. गेल्या काही आठवड्यांत आई पडली असेल, डोक्याला साधं टेंगूळ आलं असेल, तरी आवर्जून सांगा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचूनही असं होतं. नैराश्य, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू हेही तपासून घ्या. कान दुरुस्त झाले की निम्मा "विसर" गेला, अशीही घरं असतात.

गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर तो बहुधा आजार पुढे सरकल्यामुळे नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता किंवा नवीन गोळी, यांतलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर थेट रुग्णालयात.

डोनेपेझिल, मेमँटिन या गोळ्यांनी आजार बरा होत नाही. काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. डोनेपेझिल बहुधा ५ मिलिग्रॅमवर सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० वर नेतात. जुलाब, मळमळ, भलती स्वप्नं पडणं, नाडी मंद होणं, चक्कर येणं यांपैकी काही झालं तर गोळी स्वतःहून बंद न करता कळवा. "शांत करायची गोळी" म्हणून दिली जाणारी अँटिसायकोटिक औषधं डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. कधी त्यांची गरज पडते, पण किती दिवस आणि कधी थांबवायची, हे लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका.

बोलायचं कसं

समोर या, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, आधी हाक मारा, मग बोला. एका वेळी एकच गोष्ट. "उठ, तोंड धू आणि गोळी घे" यात तीन कामं आहेत. पहिल्यावरच ती हरवते. बोलून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं तर तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. "काय खाशील?" ऐवजी "पोहे की उपमा?"

"मी कोण, ओळखलंस का?" हा प्रश्न पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. आत येतानाच सांगा, "आई, मी आले, तुझी धाकटी." ती तुम्हाला ताई म्हणाली, स्वतःची आई समजली, तर ते काळजात रुततं. तरी दुरुस्त करू नका. त्या क्षणी ज्या माणसाजवळ तिला सुरक्षित वाटतं त्याचं नाव ती घेत असते, आणि तो मान तुमचा आहे.

वारलेल्या वडिलांबद्दल "ते अजून आले नाहीत?" असं ती विचारेल. दर वेळी "बाबा गेले" म्हणून सांगितलं तर दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकते. "बाबांची आठवण आली का? त्यांना चहा कसा लागायचा गं?" असं विचारा. ती बोलायला लागते आणि मन हळूहळू शांत होतं.

"घरी जायचंय" हे बहुधा संध्याकाळी सुरू होतं. हेच तुझं घर आहे, हे पटवू नका. आधी भूक, तहान, लघवी, दुखणं, थंडी पाहा. मग "चल" म्हणून चपला घाला, गॅलरीत किंवा गल्लीत एक फेरी मारा, परत येताना "आलो घरी" म्हणा. दिवे लागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. अंधुक उजेडातल्या सावल्या तिला माणसांसारख्या दिसतात. आरशातल्या बाईला ती घाबरत असेल, तर आरशावर कापड टाका.

"माझ्या पाटल्या चोरल्या" हा आळ कामवालीवर येतो, सुनेवर येतो, आणि सगळ्यात जास्त सेवा करणाऱ्या मुलीवर तर हमखास. वस्तू तिनेच जपून ठेवलेली असते आणि ठेवल्याचं नोंदलेलं नसतं. वाद न घालता "चल, दोघी मिळून शोधू" म्हणा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, देवघरामागची जागा, कचऱ्याची बादली. कचरा टाकण्याआधी रोज पाहायची सवय लावा. खरं सोनं लॉकरमध्ये हलवा, तशाच दिसणाऱ्या खोट्या बांगड्या हातात राहू द्या. पाकिटातही दहा-वीसच्या नोटा ठेवा. रिकामं पाकीट तिला फार अस्वस्थ करतं.

अंघोळ

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि कारणं साधी असतात: घसरायची भीती, उघडं पडल्याची लाज, थंडी, आणि डोक्यावरून अचानक येणारं पाणी. "अंघोळ करतेस का?" विचारलं तर "सकाळीच केली" हेच उत्तर येणार. "पाणी काढलंय, चल" म्हणा. आयुष्यभर ती ज्या वेळी अंघोळ करत आली तीच वेळ धरा.

बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाका. जमिनीवर खाली घट्ट चिकटणारी रबरी चटई, पायांना रबर लावलेली पाठीची खुर्ची, आणि भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला स्टीलचा आधारदांडा हवा. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. पाणी आधीच बादलीत मिसळून ठेवा, कोपर बुडवून तपासा, गीझरचा नळ तिच्या हाताला लागणार नाही असं बघा. खांद्यावर मोठा पंचा टाका आणि तो तसाच ठेवून त्याखालून धुवा. सुरुवात पावलांपासून, मग हात, पाठ. तोंड आणि डोकं शेवटी, किंवा केस वेगळ्या दिवशी. एक तांब्या तिच्या हातात द्या. हात कामात असले की प्रतिकार कमी होतो, आणि पुष्कळदा ती स्वतःच पाणी घ्यायला लागते. नाहीच ऐकलं तर वीस मिनिटं सोडून द्या. रोज पूर्ण अंघोळ झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ आणि बाकी दिवशी काखा, मांड्यांची जागा, पावलं ओल्या फडक्याने पुसून नीट कोरडी केली तरी चालतं.

साडी सुटायला लागली की निऱ्यांत पाय अडकतो. शिवलेली तयार साडी किंवा पुढून बटणांचा गाऊन घ्या, परकराची नाडी काढून इलॅस्टिक घाला. कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक रचून ठेवा.

जेवण, पाणी, लघवी

पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही आणि चकचकीत स्टील डोळ्यांवर येतं. एका रंगाचं गडद, काठ उंच असलेलं ताट घ्या आणि एका वेळी एकच पदार्थ वाढा. गिळताना त्रास होत असेल तर ताकात बुडवलेले भाकरीचे तुकडे किंवा पातळ आमटी-भात टाळा. पातळ भाग आधी घशात उतरतो आणि ठसका लागतो. मऊ, घट्ट वरण-भात बरा. नेहमी ताठ बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. जेवताना खोकला, जेवल्यावर घोगरा ओला आवाज, गालात घास साचणं, वारंवार ताप असं काही दिसलं, तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. गोळी कुटून द्यायची का, हे आधी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात. दर महिन्याला वजन लिहून ठेवा.

मधुमेह असेल तर एक गोष्ट फार गंभीर आहे. "आज एकादशी आहे" म्हणून ती जेवणार नाही आणि इन्शुलिन मात्र गेलेलं असेल, किंवा गोळी घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेईल. औषधांचा डबा कुलपात ठेवा. तिचं खाणं बेभरवशाचं झालंय, हे डॉक्टरांना सांगून डोस नव्याने ठरवून घ्या.

लघवीला दर दोन तासांनी न्या, विचारू नका. संडासचं दार उघडं आणि दिवा चालू ठेवला तर ती जागा तिला दिसते. गॅसचा रेग्युलेटर काम झालं की बंद करा. देवापुढे तेलाच्या दिव्याऐवजी विजेचा दिवा लावा.

मन कामात राहायला नवं काही शिकवू नका. हातांना आधीच येणारं काम द्या. वाती वळणं, मटार सोलणं, लसूण निवडणं, रुमालाच्या घड्या. वाती वाकड्या झाल्या तरी त्याच देवाला लावा. अभंग, हरिपाठ, आरत्या, जात्यावरच्या ओव्या फार उशिरापर्यंत टिकतात. वाक्य जुळत नसलेली बाईसुद्धा आरतीची पुढची ओळ अचूक म्हणते.

बाहेर निघून गेली तर

तयारी आधीच हवी. हातात सहज न निघणारं कडं किंवा गळ्यात लॉकेट, त्यावर तुमचा फोन नंबर. दारावर उघडताच वाजणारी घंटी. मोबाइलमध्ये अलीकडचा, समोरून काढलेला फोटो. वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी आणि रिक्षा स्टँड यांना स्पष्ट सांगून ठेवा. लपवून फक्त धोका वाढतो. ती एकटी घरात असताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नका, आगीत तिला निघता येणार नाही.

दिसेनाशी झाली तर पंधरा मिनिटं घर, गच्ची, जिना, पार्किंग शोधा आणि लगेच ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायचा काही नियम नाही. दुसऱ्या माणसाला तिच्या जुन्या घराच्या, जुन्या शाळेच्या किंवा नेहमीच्या देवळाच्या वाटेवर पाठवा.

कागदपत्रं, शक्य तितक्या लवकर

इथे उशीर सगळ्यात महाग पडतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते पत्रच संपतं. त्यामुळे "पुढे लागेल म्हणून" करून ठेवलेली मुखत्यारी ऐन वेळी कामाची राहत नाही. क्षमता शाबूत असतानाच बँक खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीने संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनी नोंदवा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर आणि त्याच दिवसाच्या डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीही, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला आधार देणारा माणूस, तिला स्वतः नेमता येतो. हे सगळं राहून गेलं, तर मालमत्तेसाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, वकील गाठा.

सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण ॲपवर चेहऱ्याच्या ओळखीने घरूनच देता येतो, पोस्टमनलाही बोलावता येतं.

सांभाळणारीला कोण सांभाळणार

ब्यूरोमार्फत मावशी ठेवली तर पहिले काही दिवस तुम्ही सोबत थांबा. आईला काय आवडतं, कशाने चिडते, संडासला कधी न्यायचं, गोळ्या कोण देणार, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मावशीवरही चोरीचा आळ येणार आहे, हे तिला आधीच सांगा, म्हणजे ती दुसऱ्याच दिवशी काम सोडणार नाही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर माहिती आणि मार्गदर्शन मोफत मिळतं. तुमची झोप सलग काही आठवडे मोडली असेल, रडू आवरत नसेल, आईवर हात उगारावासा वाटला असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. असं वाटणं हा गुन्हा नाही. दमलेल्या माणसाला ते होतं, आणि त्यावर उपाय आहे.

भावंडांना "जरा मदत करा" म्हणून काही होत नाही. "दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तुझा, आई तुझ्याकडे येणार नाही, तू इथे येऊन राहायचं" असं तारखांसह ठरवा. जागा बदलली की तिचा गोंधळ वाढतो, म्हणून माणसांनी फिरायचं. परदेशातल्या भावाने रात्रीच्या मावशीचा पगार आणि औषधांचं बिल उचलावं. आणि तुमची सुट्टी असेल त्या दिवशी घराबाहेर पडा. घरात असलात तर ती तुम्हालाच हाक मारणार, आणि तुम्ही उठणारच.